मदत हवी आहे: डोंगरातल्या छोट्या गावात वर्षभर भाड्याने राहायचंय (सोबत आई, वय 78)

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र होतो. आता स्वतःचंच घोडं अडलंय म्हणून धागा काढतोय.

मी 55, बायको 52, आई 78. डोंबिवलीत वन बीएचके. मार्चमध्ये व्हीआरएस घेतली, हिशेब तपासायची थोडीफार कामं घरून करतो. हा फ्लॅट भाड्याने देऊन डोंगरातल्या एखाद्या छोट्या गावात निदान एक वर्ष राहून बघायचं आहे. विकत काहीही घ्यायचं नाही, त्यामुळे प्लॉटवाल्यांनी कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू नयेत. महिन्याचा सगळा खर्च आईच्या औषधांसकट 30 हजारांत बसायला हवा. त्यात घरभाडं फार तर 8.

हिमाचल-उत्तराखंड सुचवू नका. तिथे जमीन घेता येते की नाही हा आमचा प्रश्नच नाही. आईला हिंदीत भांडता येत नाही, आणि भांडल्याशिवाय ती भाजी घेत नाही.

फेब्रुवारीत पाचगणी पाहिली. हवा फक्कड. एजंटाने दोन खोल्या दाखवल्या, भाडं 14 हजार, आणि अट अशी की एप्रिल-मेमध्ये दीड महिना घर रिकामं करून द्यायचं, कारण तेव्हा पर्यटकांकडून एका रात्रीचे तीन-साडेतीन हजार सुटतात. तोवर आम्ही कुठे जायचं विचारलं तर म्हणाला, "गावी जा की!" महाबळेश्वर-पाचगणी भाग 2001 पासून इको-सेन्सिटिव्ह आहे, नवं बांधकाम सहजासहजी होत नाही. ते योग्यच आहे, पण त्यामुळे जी घरं आहेत त्यांचा भाव असा.

आंबोली गेल्या जुलैत चार रात्री राहून पाहिली. पहिल्या दिवशी भजी, धुकं, फोटो. तिसऱ्या दिवशी मिठाच्या बरणीत पाणी, काडेपेटीतली एक काडी पेटेना, आणि आईच्या सुती नऊवारीवर काळे बारीक ठिपके. घरमालकीणबाईंनी चुलीवर आडवा बांबू टांगून त्यावर सगळ्यांचे कपडे वाळत घातले होते. म्हणाल्या, "गौरी-गणपती होईपर्यंत असंच." वर्षाला सात हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे काय, ते आकडा वाचून कळत नाही. आईला दमा आहे. चौथ्या रात्री ती उशीला टेकून बसूनच होती, पहाटे आम्ही सावंतवाडीला उतरलो.

तर प्रश्न असा: पावसाळ्यात कपडे वाळतील, रात्री-अपरात्री डॉक्टर गाठता येईल आणि मालक मे महिन्यात हाकलणार नाही, असं गाव आहे का? जव्हार, चिखलदरा, आजरा, वाई ही नावं डोक्यात आहेत. तिथे राहिलेल्यांनीच सांगा. वीकेंडला जाऊन आलेल्यांचे अनुभव माझ्याकडेच भरपूर आहेत.

वऱ्हाडी_ठेचा:
चिखलदऱ्याचं सांगतो, दोन वर्षं नोकरीले होतो. विदर्भातलं एकुलतं थंड हवेचं ठिकाण, कॉफीची झाडं आहेत, उन्हाळ्यात रात्री पांघरूण लागते. पण कामाचं काही म्हटलं की घाट उतरून परतवाडा, अन् मोठा दवाखाना म्हटलं तर अमरावती. रस्ता मेळघाटातून. तुम्ही दोघंच असते तर या म्हटलं असतं. आईले घेऊन नका येऊ भाऊ.

पाणकोंबडी:
वाईकर आहे, त्यामुळे पक्षपात गृहीत धरा. :) महाबळेश्वरला सहा हजार मिमीच्या आसपास पाऊस. तिथून पूर्वेला वीस किलोमीटरही नसलेल्या पाचगणीला त्याचा साधारण तिसरा हिस्सा. पसरणी घाट उतरून वाईला आलात की आणखी कितीतरी कमी. ढग वरच रिकामे होतात. म्हणजे तुम्ही घाटमाथा शोधताय, पण तुम्हाला हवाय घाटमाथ्याच्या एक पायरी खालचा गाव. मनात आलं की एसटीने अर्ध्या-पाऊण तासात पाचगणी, टेबललँडवर फिरून रात्री जेवायला घरी. ग्रामीण रुग्णालय आहे, खाजगी डॉक्टर भरपूर, सातारा तासाभरावर. तुमच्या भाड्यात दोन खोल्या मिळतील. उन्हाळ्यात मात्र वाई तापते, हे लपवत नाही.

एकच सांगते. गणपती आळी बघून भुलू नका. घाट, ढोल्या गणपती, सगळं सुरेख आहे, पण कृष्णेला पाणी चढलं की ते देवळात शिरतं. तिथे तळमजला घेऊ नका.

तिट्टा:
आजऱ्यात बारा वर्षं दुकान आहे. आमचं गाव काय थंड हवेचं ठिकाण नव्हे, म्हणून तर स्वस्त आहे. पर्यटक आंबोलीला जाताना इथं चहाला थांबतो आणि पुढं जातो. त्यामुळं घरमालकाला मे महिन्यात तुमच्यापेक्षा बरं गिऱ्हाईक भेटत नाही. भाडं 5-6 हजार.

पाऊस आंबोलीइतका नाही, पण वाईइतका कमीपण नाही. जुलैत आठ-आठ दिवस झड लागते. कपडे वाळतात, जरा उशिरा वाळतात. वीज जाते, इन्व्हर्टर घ्याच. मोठ्या दवाखान्याला गडहिंग्लज, वीसेक किलोमीटर. बाकी तालुक्यात टस्कर हत्ती फिरतो, ऊस खातो. गावठाणात राहणाऱ्याला त्याचा काही त्रास नाही, पण रात्री रानातल्या वाटेनं जायचं काम नाही.

राहायचं ठरलं तर 1 जुलैला या, ऑक्टोबरात नको. ऑक्टोबरात कुठलंपण गाव चांगलंच दिसतं.

पाणकोंबडी:
तिट्टा, +1. जुलैचा मुद्दा वाईलाही लागू. आणि करारात 11 महिने सलग असं स्पष्ट लिहून घ्या, नोंदणी करा. तोंडी "बघू की" वर जाऊ नका.

धागाकर्ता:
सर्वांचे मनापासून आभार. वऱ्हाडी_ठेचा, तुमच्या शेवटच्या वाक्याने चिखलदरा यादीतून गेलं. जव्हारबद्दल कुणीच बोललं नाही, तेही तूर्त बाजूला.

काल रात्री आईला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. वाई ऐकून "बरं आहे" म्हणाली. आजरा म्हटल्यावर चष्मा काढला. तिचं माहेर गडहिंग्लजकडचं, लहानपणी घरी आजऱ्याचा घनसाळ यायचा. "शेजारच्या चार घरांना कळायचं आमच्याकडं भात शिजतोय ते." मग दहा मिनिटं तांदूळ. दम्याचा विषय काढला तर म्हणाली, "मी काय आंबोलीला निघालेय?"

बायकोचं मत वाई. माझं मत सध्या कुणी विचारलेलं नाही.

तेव्हा तिट्टा यांच्या सल्ल्याने जुलै-ऑगस्ट दोन महिने आधी आजऱ्यात काढायचे, आईला मानवलं नाही तर सप्टेंबरात सरळ वाई. डोंबिवलीचा फ्लॅट तोवर भाड्याने देत नाही. तिट्टा, दोन महिन्यांसाठी कुणी घर देईल का? तळमजलाच हवा, आईला जिना चढवत नाही, आणि संडास घरातच हवा. पाणकोंबडी, वाईत नदीपासून लांब म्हणजे नेमकी कोणती बाजू? सिद्धनाथवाडीकडे तळमजल्याला ओल येते का?