मदत हवी आहे: रंगीत तालमीला आलेल्या प्रेक्षकांचं किती ऐकायचं?

नमस्कार मंडळी. सांगलीत आमची हौशी संस्था नवं संगीत नाटक बसवतेय. आमच्या मानाने खर्च भरपूर झालाय, फिरता रंगमंचसुद्धा केलाय. शुभारंभाआधी ओळखीपाळखीच्यांना रंगीत तालमी दाखवतोय. परवा दुसऱ्या अंकात रंगमंच मध्येच अडकला. नायिका अर्धी उजेडात, अर्धी अंधारात. ऑर्गनवाल्यांनी तेवढा वेळ सूर धरून ठेवला. लोकांनी टाळ्या दिल्या! पण पहिल्या अंकात, सगळं सुरळीत चालू असताना, मागच्या रांगा चहाला उठल्या. मला याचीच जास्त काळजी वाटते.

न्यूयॉर्कमधल्या ब्रॉडवेवरच्या ‘स्पायडर-मॅन: टर्न ऑफ द डार्क’ या संगीत नाटकाचं असंच झालं होतं. सुमारे ७.५ कोटी डॉलर खर्च, नोव्हेंबर २०१० पासून तिकीट लावून पूर्वप्रयोग. पहिल्याच खेळाला यंत्रणा अडकून खोळंबा झाला, डिसेंबरमध्ये एक कलाकार उंचावरून पडून गंभीर जखमी झाला. तरी लोक येतच होते. समीक्षकांची तक्रार मात्र कथा कळत नाही अशीही होती. शेवटी दिग्दर्शिका ज्यूली टेमॉर बाजूला झाल्या, काही आठवडे खेळ थांबवून कथा बदलली आणि जून २०११ मध्ये रीतसर शुभारंभ झाला.

आमच्याकडे एवढी उसंत नाही. १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’, म्हणजे पहिलं मराठी नाटक मानतात ते, पाहिलेलं हे गाव, इथे कच्चं नाटक उभं करायला जीव धजत नाही. अनुभवी मंडळींनी कृपया सांगावं: प्रतिक्रिया लेखी घ्याव्यात की मध्यंतरात कान देऊन ऐकाव्यात? आणि पहिल्या अंकातली पदं कापायची तर गायकांना न दुखवता कशी?