मदत हवी आहे : ८१ ऐवजी ७२ कसं काय??

जुळेसोलापूरकर : ४, ८, ९, १६, २५, २७, ३२, ३६, ४९, ६४, ? मी ८१ सांगितलं, उत्तरसूचीत ७२ आहे. छपाईची चूक ना? उद्या सकाळी शिकवणीत पोरं विचारणार. लवकर सांगा की ओ.

भागाकार : प्रश्न पूर्ण टाका. वर सूचना असेलच. सुरुवात ४ पासून की १ पासून?

जुळेसोलापूरकर : १ ने काय फरक पडतो? सगळे घातच आहेत. वर्ग, घन, ३२ हा २ चा पाचवा घात. ७२ कशाचाच नाही.

बाळीवेसचे आजोबा : ७२ ही हर्षद संख्या! ७+२=९ आणि ९ ने ७२ ला नि:शेष भाग जातो. कापरेकर गुरुजींचं काम. देवळालीला शाळेत शिकवत केलं त्यांनी हे. आताच्या क्लासवाल्यांना नाव तरी ठाऊक आहे का?

भागाकार : आजोबा, मग १६ कसा आला? १+६=७, भाग जात नाही. २५ चंही तेच.

बाळीवेसचे आजोबा : मी १६ बद्दल बोललोच नाही.

रिकामा_माग : पायथनमध्ये चार ओळींचा लूप लिहा, विषय संपला.

भागाकार : लूपमध्ये अट कुठली घालणार? तीच तर हवीय.

जुळेसोलापूरकर : वर फक्त "मूळ अवयव पाहा" एवढंच लिहिलंय.

भागाकार : अहो, हेच तर विचारत होतो! ७२ = २×२×२×३×३. अट अशी: ज्या मूळ संख्येने भाग जातो, तिच्या वर्गानेही गेला पाहिजे. ६८ = २×२×१७, १७ एकटाच, म्हणून बाद. ६५ ते ७१ सगळे असेच गळतात. ६४ पर्यंत तुमचा नियम आणि हा एकच यादी देतात, ७२ ला फाटा फुटतो. घात नसून या अटीत बसणाऱ्यांना अकिलीस संख्या म्हणतात. ७२ पहिली, १०८ दुसरी. ८१ येतो, पण ७२ नंतर.

रिकामा_माग : ओईआयएसवर, म्हणजे संख्यामालिकांच्या ऑनलाइन कोशात, आकडे टाकले असते तर लगेच मिळालं असतं. मालिका क्रमांक ए००१६९४. पण तिथे सुरुवातीला १ आहे, तो कशाला?

भागाकार : १ ला मूळ अवयवच नाही, मग अट मोडणार कोण?

रिकामा_माग : ही पळवाट झाली.

जुळेसोलापूरकर : १ चं नंतर भांडा. ८१ लिहिलेल्या पोरांना मार्क द्यायचे का?

भागाकार : सूचना वाचून लिहिलं असेल तर नाही. नुसती मालिका दिली असती तर मी दिले असते.

बाळीवेसचे आजोबा : ७२ हर्षद आहे, हे मात्र कुणी खोडलेलं नाही.