'तोखाखा'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: चूक करणाऱ्याला त्याची चूक सांगणे, हे यहुदी धर्मशास्त्रात कर्तव्य आहे. त्याला 'तोखाखा' म्हणतात. मराठीत 'निर्भर्त्सना' चालेल का?

उत्तर: नको. निर्भर्त्सनेत हिडीसफिडीस आलीच, आणि इथे तर नेमकी तीच वर्ज्य आहे. तोरा या यहुद्यांच्या मूळ धर्मग्रंथातल्या 'लेवीय' पुस्तकात (१९:१७) याचे क्रियापद दोनदा येते: 'होखेआख तोखिआख'. ऐकले नाही तर पुन्हा सांग, असा तालमूद, म्हणजे तोरावरच्या चर्चांचा मोठा ग्रंथ, त्याचा अर्थ लावतो (त्यातला 'अराखिन' हा भाग, पान १६ब). लगेच पुढे मर्यादाही घालतो: समोरच्याचा चेहरा उतरेपर्यंत बोलायचे नाही, कारण त्याच वचनाचा शेवट 'त्याच्यापायी पाप ओढवून घेऊ नकोस' असा आहे. मध्ययुगीन पंडित मायमोनिडीसने 'मिश्ने तोरा' या आपल्या धर्मनियमांच्या ग्रंथात (देओत ६:७) रीत सांगितली आहे: एकांतात, शांतपणे, मऊ शब्दांत, आणि हे तुझ्याच भल्यासाठी सांगतोय असे त्याला कळू द्यायचे.

प्रश्न: मग 'कानउघाडणी'?

उत्तर: जवळचा शब्द आहे, पण कानउघाडणी वरचा माणूस खालच्याची करतो. तोखाखा शिष्यानेही गुरूला करायची असते (बावा मेत्सिया ३१अ). वडील चुकत असतील, तर 'तुम्ही आज्ञा मोडलीत' असे मुलाने म्हणू नये. 'बाबा, तोरात असे असे वचन आहे' एवढेच म्हणावे (किद्दुशीन ३२अ). याला कानउघाडणी कोण म्हणेल? मी 'समज देणे' सुचवेन. पोलिसांच्या 'समज देऊन सोडले'मुळे त्याला थोडा सरकारी वास येतो खरा, पण मूळ धातूशी तो जुळतो. त्याच धातूपासून आजच्या हिब्रूत 'होखाखा' म्हणजे पुरावा. समोरच्याला गोष्ट पटवून देणे, हा गाभा आहे. वडीलधाऱ्यांच्या बाबतीत 'लक्षात आणून देणे' वापरा.

आणखी एक उत्तर: सहमत. फक्त 'निषेध' यात मिसळू नका. घरात, गावात आपला शब्द चालत असूनही जो चुकीला विरोध करत नाही, त्याच्यावर तिचा दोष येतो, असे शब्बात ५४ब सांगते. त्या विरोधाला 'निषेध' शोभतो.

आणि भाषांतरात हमखास सुटते ती गप्प राहण्याची बाजू. जे ऐकले जाईल ते सांगणे जसे कर्तव्य, तसे जे ऐकले जाणार नाही ते न सांगणे हेही कर्तव्य (येवामोत ६५ब). योम किप्पूरचा (प्रायश्चित्ताच्या दिवसाचा) उपास सूर्यास्ताच्या थोडा आधी सुरू करायचा असतो. हे ठाऊक नसल्यामुळे लोक अंधार पडेपर्यंत खात असतील आणि सांगूनही थांबणार नसतील, तर सांगू नये. जाणूनबुजून मोडण्यापेक्षा अजाणता मोडलेले बरे. तोरात स्पष्ट लिहिलेल्या आज्ञेला मात्र ही सवलत नाही, असे 'रमा' (रब्बी मोशे इस्सेर्लेस) यांनी 'शुल्खान आरूख' या यहुदी धर्मनियमांच्या संहितेवरच्या टिपांत (ओराख खायिम ६०८:२) नोंदवले आहे.

'तोखेखा' हा वेगळा शब्द. तोरातल्या 'लेवीय' (अध्याय २६) आणि 'अनुवाद' (अध्याय २८) या पुस्तकांतल्या शापांना तो लागतो. तो भाग सिनेगॉगमध्ये (यहुदी प्रार्थनास्थळात) हलक्या आवाजात वाचतात. तिथे 'समज' चालणार नाही, 'शापवचने'च म्हणा.