जाळी बसवली तरी पन्हळ साफ करावीच लागते

वर एकांनी लिहिलंय की जाळी बसवली की पन्हळ साफ करायची कटकट संपते. मला हे अजिबात पटत नाही. जाळी मोठी पानं अडवते, पण सूचिपर्णी झाडांच्या सुया, मोहोर, बारीक बिया आत जातातच. त्यांचा काळा चिखल होऊन खाली उतरणाऱ्या पाइपच्या तोंडाशी घट्ट बसतो. मग पाणी मागच्या कडेवरून वाशांच्या टोकांत मुरतं, लाकूड आतून कुजत जातं आणि खाली उभं राहून काही कळतही नाही.

घराला झाडं लागून असतील तर पानगळ संपल्यावर आणि पावसाच्या तोंडावर, असं दोनदा तरी साफ कराच. आधी हाताने गाळ उचला, मगच पाणी सोडा. नाहीतर सगळा गाळ पाइपात जाऊन बसतो. नंतरही पाणी साचून राहिलं तर उतार तपासा, दर 3 मीटरला साधारण 6 मिमी हवा.

आणि कृपा करून शिडी पन्हळीवर टेकवू नका, पन्हळ वाकते किंवा शिडी सटकते. शिडी 4 मीटर उंचीवर टेकली असेल तर तिचा पाय भिंतीपासून 1 मीटर लांब ठेवा. खाली धरायला कुणी नसेल तर चढूच नका.