१३-० असूनही बाहेर: २०२३ चा फ्लोरिडा स्टेटचा निकाल बरोबर होता का?

चौथा_डाउन
अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या २०२३ च्या हंगामात फ्लोरिडा स्टेटने तेराही सामने जिंकले, एसीसी या आपल्या कॉन्फरन्सचं (संघांच्या गटाचं) विजेतेपदही घेतलं. तरी १३ जणांच्या निवड समितीने त्यांना पाचवं ठेवलं. विजेता ठरवणाऱ्या चार संघांच्या प्लेऑफमध्ये गेले मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सास आणि अलाबामा, त्यातले शेवटचे दोघे एकेक सामना हरलेले. कारण दिलं क्वार्टरबॅक (पास टाकून आक्रमण चालवणारा खेळाडू) जॉर्डन ट्रॅव्हिसच्या दुखापतीचं. १८ नोव्हेंबरला त्याचा पाय मोडला, पण त्यानंतर फ्लोरिडाला (हा वेगळा संघ) २४-१५ आणि लुईव्हिलला १६-६ हरवलंच ना? हा सरळ अन्याय आहे.

पॉकेट_प्रेशर
असहमत. महत्त्वाचा खेळाडू नसल्याने पुढच्या खेळावर परिणाम होणार असेल तर तो विचारात घ्यावा, हे समितीच्या नियमांत आधीपासून आहे. लुईव्हिलविरुद्ध बदली क्वार्टरबॅक ब्रॉक ग्लेनचे २१ पैकी ८ पास लागले, एकूण ५५ यार्ड. पासची भीतीच नसेल तर समोरचा डिफेन्स एक सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) पुढे आणतो आणि बॉक्समध्ये, म्हणजे चेंडूच्या समोरच्या जागेत, आठ जण उभे करतो. दहा यार्ड पुढे जायला चार डाउन, म्हणजे चार प्रयत्न असतात; पहिल्या दोन डाउनला धावून दोन-तीन यार्ड मिळतात, थर्ड डाउनला सात-आठ उरतात आणि तिथे नवख्या पोराला पास टाकावाच लागतो. मिशिगनच्या डिफेन्ससमोर हे किती वेळ चाललं असतं?

चौथा_डाउन
ग्लेन तिसऱ्या नंबरचा. दुसरा, टेट रोडमेकर, कन्कशनमुळे (डोक्याला मार लागल्याने) बाहेर होता. उपांत्य सामना १ जानेवारीला, मध्ये चार आठवडे. शिवाय आठ जण पुढे आणले की मागे एकच सेफ्टी राहतो. एक टॅकल चुकला की मैदान मोकळं, फ्लोरिडा स्टेटच्या तोआफिलीची ७३ यार्डांची धाव त्याच सामन्यातली. आणि २०१४ चं ओहायो स्टेट आठवा: तिसऱ्या नंबरचा कार्डेल जोन्स, चौथं मानांकन, आणि विजेतेपद.

पॉकेट_प्रेशर
ते उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. जोन्स सुरुवातीपासून खेळला त्या पहिल्याच सामन्यात ओहायो स्टेटने विस्कॉन्सिनला ५९-० उडवलं होतं. बदली क्वार्टरबॅकवर संघ चालतो का, हे समितीला तिथे दिसलं. १६-६ मध्ये दिसला तो फक्त डिफेन्स.

गोललाइन
मग बाहेर कोणाला काढायचं, तेही सांगा. अलाबामाने एसईसी या आपल्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात जॉर्जियाला २७-२४ हरवलं, पण त्याच अलाबामाला टेक्सासने सप्टेंबरमध्ये त्यांच्याच मैदानावर, टस्कलूसात ३४-२४ हरवलं होतं. म्हणजे अलाबामा घेतलं की टेक्सास आलंच. माझं मत, अलाबामा बाहेर. ऑबर्नविरुद्ध फोर्थ डाउनला ३१ यार्ड हवे असताना शेवटच्या मिनिटातल्या पासवर ते वाचले. त्या सामन्याचा निकाल निकाल म्हणून धरता, तर १६-६ सुद्धा धरा.

रेडझोन७
प्लेऑफबाहेरच्या ऑरेंज बोल सामन्यात जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटला ६३-३ ने धुतलं, विषय संपला.

गोललाइन
नाही संपत. वगळल्यानंतर कोलमन, विल्सन, बेन्सन, व्हर्स असे मुख्य खेळाडू तो सामना खेळलेच नाहीत, रोडमेकरही संघ सोडून गेला. तो वेगळाच संघ होता. निवड ३ डिसेंबरला झाली, त्या दिवशी उपलब्ध असलेल्या संघावर बोला.

पॉकेट_प्रेशर
हे मान्य, ६३-३ पुरावा नाही. पण ५५ यार्ड आहे, आणि तो ३ डिसेंबरच्या आधीचाच.

चौथा_डाउन
मग दुखापतीचं कलम मानांकन खाली-वर करण्यापुरतं ठेवा. मोठ्या कॉन्फरन्सच्या अपराजित विजेत्याला दाराबाहेर ठेवायला ते वापरू नका, आताच्या १२ संघांच्या प्लेऑफमध्येही नाही.