सेमीकंडक्टर संशोधन: पदार्थ निवडावा की डिव्हाइस?

तापीकाठ (अमळनेर)
नमस्कार. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करीत असून प्रकल्पासाठी स्प्रे पायरोलिसिसने (तापलेल्या पृष्ठभागावर द्रावण फवारून) काचेवर झिंक ऑक्साइडचे पातळ थर तयार करतो. आमच्याकडे थर बनविण्याची सोय आहे, ट्रान्झिस्टर घडविण्यासाठी लागणारी क्लीनरूम (धूळविरहित प्रयोगशाळा) मात्र नाही. पीएच.डी. पदार्थांवरच करावी, की डिव्हाइस फिजिक्ससाठी (ट्रान्झिस्टर, एलईडी अशा घटकांच्या अभ्यासासाठी) खानदेशाबाहेर पडावे? घरी कोरडवाहू शेती आहे, त्यामुळे पाच-सहा वर्षांच्या खर्चाचाही विचार करावा लागतो.

सातपुडा (धुळे, प्राध्यापक)
या दोन वेगळ्या वाटा आहेत असे धरून चालू नका. गॅलियम नायट्राइड या सेमीकंडक्टरचा बँड गॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) सुमारे 3.4 इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे निळ्या प्रकाशासाठी आशादायक. तरीही एलईडीला लागणारा पी-प्रकारचा (धन प्रभार वाहणारा) थर साधत नसल्यामुळे त्याचा एलईडी वर्षानुवर्षे अडून राहिला होता. 1989 मध्ये आकासाकी आणि आमानो यांनी मॅग्नेशियम मिसळलेल्या थरावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून तो पी-प्रकारचा करून दाखविला. पुढे 1992 मध्ये नाकामुरा यांच्या गटाने त्यामागचे कारण उलगडले: थर वाढताना आत शिरलेला हायड्रोजन मॅग्नेशियमला निष्क्रिय करतो आणि नायट्रोजनच्या वातावरणात तापविल्यास तो निघून जातो. या तिघांना 2014 चे नोबेल मिळाले, ते निळ्या एलईडीसाठी. पण त्यातला पदार्थाचा वाटा किती आणि डिव्हाइसचा किती, अशी वाटणी करताच येत नाही.

तेव्हा हातातल्या थरापासूनच सुरुवात करा. चांदीच्या पेस्टचे दोन ठिपके लावून मल्टीमीटरने मोजलेल्या रोधात थराबरोबर संपर्कांचाही रोध मिसळलेला असतो. व्होल्टेज आणि विद्युतधारेचा आलेख शून्यापाशी वाकत असेल, तर संपर्क ओहमिक नाही, म्हणजे तिथे विद्युतधारा व्होल्टेजच्या प्रमाणात वाढत नाही, असे समजावे. शिवाय झिंक ऑक्साइडच्या पृष्ठभागावर चिकटलेला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन धरून ठेवतो आणि अतिनील प्रकाश पडताच ते सुटतात, म्हणून नमुना अंधारात किती वेळ ठेवला होता याची नोंद प्रत्येक मोजमापाशेजारी हवीच. पीएच.डी.च्या मुलाखती घेताना मी उमेदवाराची अशी वही आधी पाहतो, गुणपत्रिका नंतर.

केळीबाग (रावेर, सध्या बेंगळुरू)
सरांशी पूर्ण सहमत आहे. क्लीनरूमसाठी 2008 पासून इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्रॅम आहे. त्यातून बाहेरच्या संस्थांतील संशोधकांना भारतीय विज्ञान संस्था आणि आयआयटी मुंबई येथील सुविधा वापरता येतात. म्हणून पीएच.डी. जळगावच्या विद्यापीठात केली, तरी डिव्हाइसचे दार बंद होत नाही. मार्गदर्शक निवडताना मात्र त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध उघडून पाहा, आणि एक्स-रे विवर्तनाचे (स्फटिकरचना दाखविणारे) आलेख सोडून विद्युत मोजमापे कितपत आहेत ते तपासा.

खर्चाचे म्हणाल, तर नेट परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 आणि नंतर एसआरएफ (वरिष्ठ शिष्यवृत्ती) झाल्यावर 42,000 रुपये मिळतात. पैसे कधी कधी उशिरा जमा होतात. चार-सहा महिन्यांची तजवीज घरी सांगून ठेवा.

तापीकाठ (अमळनेर)
सर, ताई, मनापासून आभार. विभागात चार टोकांचा प्रोब आहे. चांदीऐवजी ॲल्युमिनियमचे संपर्क बसवून नवा नमुना मोजू का?

सातपुडा (धुळे, प्राध्यापक)
ॲल्युमिनियम चांगले, पण ते नंतर. आधी आताच्याच नमुन्यावर चार टोके टेकवून मोजा, म्हणजे संपर्कांचा रोध वगळला जाईल. नमुना आणि धातू एकाच वेळी बदललेत, तर रोधातला फरक नेमका कशामुळे पडला हे कळणार नाही.