मुकाट बसणाऱ्या मुलाला कसला एडीएचडी, म्हणणाऱ्यांसाठी

चिमणीची आई: काल एकांनी इथे लिहिलं, "वर्गात मुकाट बसतो त्याला कसला एडीएचडी? रोज तासभर समोर बसवा, आपोआप लक्ष लागेल." डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय. माझी मुलगी सात वर्षांची. तिला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकवणं जड जातं; काही मुलांत सोबत चंचलपणाही असतो, हिच्यात नाही. दंगा नाही, उलट उत्तर नाही. गणिताच्या वहीत तारीख, समासाची रेघ, पहिल्या उदाहरणाचे दोन आकडे आणि खाली कोरं पान. तासभर बसवून पाहिलं. रडारड झाली, उदाहरणं झाली तीन. मग दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडले, मध्ये एक चक्कर मारू दिली, चालू उदाहरण सोडून बाकीचं पान कागदाने झाकलं, सूचना एका वेळी एकच. आता आठ होतात.

खडूफळा: ते मीच लिहिलं होतं. वर्गात चाळीस मुलं असतात, एकेकाचं पान झाकत बसू? आमच्या वेळी याला आळस म्हणायचे.

मागचा बाक: म्हणायचे, आणि चुकायचे. चंचलपणाशिवायचा प्रकार अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत १९८० सालीच आलाय. आजचा निकषही ढिला नाही: लक्ष न लागण्याच्या नऊपैकी सहा लक्षणं, किमान सहा महिने, घर-शाळा अशा दोन ठिकाणी तरी. आणि खरा छळ फळ्यावरचं उतरवून घेण्याचा. वर बघायचं, चार शब्द धरायचे, मान खाली घालेपर्यंत दोन निसटलेले. पुन्हा वर बघावं तर ओळ सापडत नाही.

खडूफळा: लिहिल्याशिवाय हाताला वळण कसं लागणार? वही अपुरी राहिली की पालकच जाब विचारतात!

मागचा बाक: वळण लावायला शुद्धलेखन आहे. गणिताच्या तासाला गणित शिकवा, नकलनविशी नको. छापील उदाहरणं द्या.

खडूफळा: म्हणजे बाकीच्यांनी लिहायचं आणि याला तयार?

मागचा बाक: चश्मा लागलेल्या मुलाला हेच विचारता का? तिसरीत मधल्या सुट्टीत मला वही पूर्ण करायला वर्गात ठेवायचे. बाहेर खेळाचा आवाज, आत मी आणि पुसायच्या आत उतरवायचा फळा. ज्याला पाय मोकळे करायची सर्वांत जास्त गरज, त्याचीच सुट्टी कापायची. तो राग अजून गेला नाही.

साधी गोष्ट: उतरवण्यावरून भांडताय, पण आधी कान आणि डोळे तपासा. आमच्या भाच्याला वर्षभर 'लक्ष नसतं' म्हणून बोलणी बसली. तो दिवसातून बऱ्याचदा काही सेकंद थिजायचा, हात लावला तरी दाद नाही. निघाली फिट. मेंदूचा आलेख काढल्यावर कळलं.

चिमणीची आई: आमचं ते सगळं तपासून झालंय. आणि पहिल्या बाकावर बसवा म्हणताना दारा-खिडकीपासून लांबचा बघा. नाव घेऊन सगळ्यांसमोर ओरडण्यापेक्षा जवळून जाताना वहीवर बोट ठेवलं तरी ती परत कामाला लागते.

खडूफळा: बोट ठेवणं जमेल. छापील कागदाचंही बघतो, पण निदान हातात आल्यावर. नाहीतर उद्या सगळेच मागतील.

चिमणीची आई: आमच्या हातात निदान यायला पाच महिने लागले, सर. तोवर रोज गणिताचा तास होताच.

खडूफळा: बरं. माझ्या वर्गात असा एक आहे. सोमवारी त्याला कागद देतो, निदान नसलं तरी. शुद्धलेखन मात्र सोडणार नाही.

मागचा बाक: आणि सुट्टी?

खडूफळा: सुट्टीही देतो.